चर्चेआधीच ‘अंतिम’ : चर्चासत्रांतील शोधनिबंध आणि आपण

महाविद्यालयीन व विद्यापीठीय चर्चासत्रांतून वाचले जाणारे आणि ग्रंथरूपाने छापले जाणारे शोधनिबंध हा आपल्याकडे समीक्षेचा विषय सहसा होत नाही. कवितासंग्रहांवर लिहिले जाते, आत्मकथनांवर लिहिले जाते, नाटकांवर लिहिले जाते. पण या साऱ्यांवर जे लिहिले जाते त्याची तपासणी करावी असे कोणाला वाटत नाही. वास्तविक दलित साहित्य आणि फुले-आंबेडकरी विचार यांविषयीचे बरेचसे लेखन आज या निबंधसंग्रहांतूनच होत आहे. ते लिहिणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतून, वाड्यांतून, तांड्यांतून प्रथमच पदवीपर्यंत पोहोचलेले प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी आहेत. प्रस्तुत लेखकही त्यांपैकीच एक. म्हणून हे लेखन कसे तयार होते, कोणाकोणाच्या हातांतून जाते आणि छापून आल्यावर त्यात काय शिल्लक राहते, हा प्रश्न केवळ शैक्षणिक शिस्तीचा राहत नाही. ज्यांचे बोलणे शतकानुशतके कोणी नोंदवले नाही, त्यांच्या नोंदीचा तो प्रश्न आहे.

या लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे : चर्चासत्राचा निबंध चर्चेनंतर अंतिम व्हावयास हवा, आपल्याकडे तो चर्चेआधीच अंतिम होतो. या उलट्या क्रमामुळे चर्चा निरर्थक ठरते, निबंध निर्जीव होतो आणि त्याची सर्वांत मोठी किंमत नव्याने लिहू लागलेल्या वर्गाला मोजावी लागते. याहून वेगळी रीत असू शकते, हे पाहण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन निबंधांचा छापील इतिहास पुरेसा आहे.

१

प्रथम आजची रीत पाहू. चर्चासत्राचे पत्रक येते. त्यात मुख्य विषय, वीस-पंचवीस उपविषयांची यादी, गोषवारा पाठविण्याची तारीख, संपूर्ण निबंध पाठविण्याची तारीख, शब्दमर्यादा, टंकाचे नाव व आकार, नोंदणीशुल्क आणि बँकखात्याचा क्रमांक असतो. संपूर्ण निबंधाची अखेरची तारीख चर्चासत्राच्या दोन-तीन आठवडे आधीची असते. कारण उघड आहे. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते निबंधसंग्रहाचे प्रकाशन करावयाचे असते. म्हणजे अकरा वाजता ग्रंथ प्रकाशित होतो आणि त्यातील निबंध दुपारी जेवणानंतर वाचले जातात. एका सत्रात पंधरा-वीस वाचक. प्रत्येकाला पाच-सात मिनिटे. अध्यक्षांच्या हातात घंटा. शेवटी ‘वेळेअभावी चर्चा घेता येत नाही’ हे वाक्य येते आणि लोक प्रमाणपत्राच्या रांगेकडे वळतात.

या क्रमात चर्चेला जागाच नाही, हे लक्षात घ्यावे. एखाद्याने उठून ‘तुमच्या निबंधातील अमुक विधान चुकीचे आहे’ असे सप्रमाण दाखवून दिले, तरी त्याचा काय उपयोग? निबंध तर छापून झालेला आहे. लेखकाला तो सुधारता येत नाही, आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे कोठे नोंदले जात नाही. संग्रहाच्या मुखपृष्ठावर ‘राष्ट्रीय’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय’ चर्चासत्र असे शब्द असतात, आत मात्र कोणतेही सत्र नसते आणि कोणतीही चर्चा नसते. पाठविलेल्या कागदांची ती बांधणी असते.

मुखपृष्ठाच्या मागे एक आयएसबीएन क्रमांक असतो. या क्रमांकाभोवती आपल्या महाविद्यालयांतून एक विलक्षण श्रद्धा निर्माण झाली आहे. आयएसबीएन हा ग्रंथाचा ओळखक्रमांक आहे. अमुक प्रकाशकाचे अमुक पुस्तक ते हेच, एवढेच तो सांगतो. आपल्या देशात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय यंत्रणेकडून मिळतो आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. आयएसएसएन हा त्याच धर्तीवर नियतकालिकाचा ओळखक्रमांक. ग्रंथातील मजकूर कोणी तज्ज्ञाने वाचला आहे, तपासला आहे, अशी ग्वाही या दोहोंपैकी कोणताही क्रमांक देत नाही. तरीही निबंध मागविताना ‘क्रमांकासह प्रकाशन’ हेच आमिष दाखविले जाते, आणि जो क्रमांक विनामूल्य मिळतो त्याच्या नावाने लेखकाकडून पैसे घेतले जातात.

दोष एकट्या आयोजकांचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या नेमणुकीला व पदोन्नतीला गुणांकांची पद्धत जोडली. तीत चर्चासत्राच्या संग्रहात पूर्ण निबंध छापून आला तर दहा गुण होते. नुसत्या गोषवाऱ्याला काही नव्हते. निबंध किती खोल आहे याचा या हिशेबात प्रश्न नव्हता. तो पूर्ण छापलेला असला म्हणजे झाले. पुढे २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध संशोधन-नियतकालिकात छापलेला आणि दोन निबंध चर्चासत्रांत वाचलेले असावेत, अशी अट घातली. २०२२ च्या नियमांत ती अट राहिली नाही. पदोन्नतीचे हिशेबही २०१८ मध्ये बदलले. त्याच सुमारास मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही मागे घेतली. नियम बदलत गेले. पण त्या बारा-पंधरा वर्षांत जी सवय लागली ती सुटली नाही. कागदावर आकडा दिसला पाहिजे, ही ती सवय.

या सवयीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. ज्याच्या घरात पुस्तके होती, ज्याचा मामा किंवा काका विद्यापीठात होता, त्याला कोणते चर्चासत्र खरे आणि कोणते दुकान, हे विचारण्याची जागा असते. तासिका तत्त्वावर शिकविणारा आपला मुलगा किंवा मुलगी मात्र पत्रक पाहते, मुदत पाहते आणि उसने पैसे घेऊन शुल्क भरते. पुढच्या वर्षीच्या मुलाखतीत फाईल जाड दिसली पाहिजे, ही भीती त्यामागे असते. सुट्ट्यांत ज्या तासांचे मानधनही मिळत नाही, त्या काळात हे पैसे कोठून येतात याचा विचार पत्रक काढणाऱ्याने केलेला नसतो.

२

आता या रीतीतून जे निबंध तयार होतात त्यांच्याकडे वळू. त्यांचा एक साचा ठरून गेला आहे. शीर्षक ‘अमक्या आत्मकथनातील दलित जाणीव’ किंवा ‘तमक्याच्या कवितेतील विद्रोह : स्वरूप आणि वैशिष्ट्ये’. आरंभी ‘दलित’ या संज्ञेच्या चार-पाच व्याख्या. मग पार्श्वभूमी म्हणून बुद्ध, कबीर, फुले, शाहू, आंबेडकर अशी नामावली. त्यानंतर ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) अशी आत्मकथनांची यादी. मग ज्या पुस्तकावर निबंध आहे त्याचे कथानक. शेवटी क्रमांक घालून पाच-सहा निष्कर्ष, आणि त्यांत पहिला असा, की या लेखकाच्या साहित्यात दलित जाणीव दिसून येते.

ज्या गोष्टीपासून आरंभ झाला तीच निष्कर्ष म्हणून हाती आली, तर मधल्या दहा पानांत काय घडले? काही घडले नाही, असेच म्हणावे लागते. नकार, विद्रोह, वेदना हे शब्द ज्या पिढीने उच्चारले तिने त्यांची किंमत मोजली होती. आज हेच शब्द उपविषयांच्या यादीत आयते मिळतात आणि निबंधात आयते बसविले जातात. ज्ञानव्यवहारात जो शब्द कोणालाही अडचणीत आणत नाही, तो विद्रोहाचा शब्द उरलेला नसतो. चर्चासत्राच्या व्यासपीठावर दलित साहित्याचा गौरव होतो आणि त्याच महाविद्यालयात आरक्षित जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात. या दोन गोष्टी एका निबंधात एकत्र आलेल्या क्वचितच दिसतात.

याला उत्तर म्हणून काही जण म्हणतात, की आपल्या मुलांचे निबंध कच्चे आहेत हे बोलून दाखवू नये. प्रस्थापितांच्या हातात कोलीत मिळते. हा युक्तिवाद मला मान्य नाही. कच्चे निबंध सवर्ण प्राध्यापकही तितकेच लिहितात. साचा सर्वांचा एकच आहे. पण त्यांच्या कच्च्या निबंधाने त्यांच्या समाजाविषयीचे ज्ञान बुडत नाही. ते शंभर ठिकाणी नोंदलेले आहे. आपल्या निबंधात जे येत नाही ते अनेकदा कोठेच येत नाही.

३

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. ए. ए. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातींची यंत्रणा, उगम आणि विकास हा त्याचा विषय. तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात मे १९१७ मध्ये छापून आला. वाचन आणि छपाई यांत एक वर्षाचे अंतर आहे, ही पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. म्हणजे निबंध आधी ऐकला गेला, मग छापला गेला.

दुसरी गोष्ट त्यातील संदर्भांची. आपल्या निबंधांत संदर्भ हे देव्हाऱ्यातील टाकांसारखे असतात. ओळीने मांडायचे, हळदकुंकू वाहायचे आणि पुढे जायचे. या निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या व्याख्या घेतल्या आहेत, त्या तपासण्यासाठी. सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतो. ती पौरोहित्याच्या कर्मकांडातून येते आणि जातीचा गाभा सांगत नाही, असे बाबासाहेब दाखवितात. नेसफील्ड जातीबाहेरच्यांशी अन्नव्यवहार नसणे हे लक्षण मानतो. तो परिणाम आहे, कारण नव्हे. रिस्लेत नवे काही नाही, म्हणून त्याला बाजूला ठेवतात. केतकरांचे मात्र मोकळेपणाने श्रेय मान्य करतात आणि मग त्यांची दुरुस्ती करतात : जातीबाहेर विवाहाला बंदी आणि जन्माने सभासदत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. हेच केतकर पुढे मराठी ज्ञानकोशाचे कर्ते म्हणून प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचा जातिविषयक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध होऊन सातच वर्षे झाली होती. या तपासणीतून पुढची मांडणी उभी राहते : मुळात बहिर्विवाही असलेल्या समाजावर अंतर्विवाह लादला गेला की जात तयार होते, आणि तो टिकविण्यासाठी पती गमावलेल्या स्त्रीची विल्हेवाट सतीने किंवा सक्तीच्या वैधव्याने लावावी लागते, पत्नी गमावलेल्या पुरुषासाठी बालवधू शोधावी लागते. जातीच्या प्रश्नाच्या मध्यभागी स्त्री आहे, हे पंचविशीतल्या एका विद्यार्थ्याने चर्चासत्राच्या निबंधात मांडले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निबंधाच्या अखेरीस त्यांनी सांगितले आहे, की आपले विचार शेवटचे आहेत असा आपला दावा नाही. ते टिकणारे नाहीत असे कोणी दाखवून दिले तर ते सोडून देण्याची आपली तयारी आहे. छापायला दिलेल्या निबंधातच ‘हे अंतिम नव्हे’ असे म्हणण्याचा हा प्रामाणिकपणा आपल्या निबंधांतून नाहीसा झाला आहे.

४

या निबंधानंतर वीस वर्षांनी जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. पण ‘छापावयाच्या मजकुराचा प्रश्न’ म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ च्या आपल्या परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. भाषण लाहोरला छापावे असा मंडळाचा विचार होता. बाबासाहेबांनी ते मुंबईत छापण्याचा आग्रह धरला. मंडळाला मजकूर आधी पाहावयाचा होता. एप्रिलमध्ये मंडळाचे हरभगवान मुंबईला आले, भाषणाची प्रत त्यांनी नेली, आणि नंतर पत्र आले, की वेदांविषयीचा आणि हिंदू धर्म सोडण्याविषयीचा भाग गाळावा. बाबासाहेबांनी २७ एप्रिल १९३६ च्या पत्राने हे नाकारले. काहीही बदलणार नाही, मतांची जबाबदारी माझी आहे, आणि परिषदेला ती मते पटली नाहीत तर तिने निषेधाचा ठराव करावा, अशी त्यांची भूमिका होती. परिषद झाली नाही. मे १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ स्वखर्चाने छापले; पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती होत्या.

१९१६ चा ‘मत सोडून देईन’ म्हणणारा विद्यार्थी आणि १९३६ चा ‘काही बदलणार नाही’ म्हणणारा नेता यांत विरोध आहे काय? वरवर पाहता आहे. पण नीट पाहिले तर ही एकच भूमिका आहे. पुराव्याने चूक दाखवा, मी बदलीन. गैरसोय होते म्हणून गाळा म्हणाल, तर गाळणार नाही. लाहोरच्या मंडळाने भाषणातील कोणतेही विधान खोटे ठरविले नव्हते. ते आपल्या माणसांना झेपणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. आणि बाबासाहेबांनी टीकेचा अधिकार कोणाचाही नाकारला नाही; उलट निषेध करा असे स्वतःच सुचविले. नाकारली ती वाचनापूर्वीची काटछाट. आपल्या निबंधावर संपादकाचा शेरा आला म्हणजे तो १९१६ च्या बाजूचा आहे की लाहोरच्या बाजूचा, हे प्रत्येक तरुण संशोधकाने स्वतःला विचारावे. ‘याला आधार काय?’ असा शेरा असेल तर तो मित्राचा समजावा, मग लिहिणारा कोणत्याही जातीचा असो. ‘हा शब्द जरा सौम्य करा’ असा असेल तर आधी कारण विचारावे.

पुढचा भाग याहूनही बोलका आहे. जुलै १९३६ मध्ये गांधींनी ‘हरिजन’मध्ये या भाषणावर टीका केली, एका स्वतंत्र विचाराच्या माणसाचे म्हणणे ऐकण्याची संधी स्वागत समितीने लोकांपासून हिरावून घेतली, असेही त्यांनी म्हटले. बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत काय केले? गांधींचे आक्षेप छापले, मंडळाचे संतराम यांचे म्हणणे छापले आणि आपले उत्तर छापले. मंडळाशी झालेला पत्रव्यवहार पहिल्या आवृत्तीपासूनच होता. म्हणजे जी परिषद भरलीच नाही तिची संपूर्ण कार्यवाही आज आपल्या हाती आहे : निमंत्रण, मतभेद, भाषण, आक्षेप, उत्तर. आणि ज्या शेकडो परिषदा थाटात भरल्या, त्यांच्या संग्रहांत यांपैकी फक्त भाषणे आहेत. चर्चासत्राचा ग्रंथ कसा असावा याचा नमुना हवा असेल तर तो १९३७ च्या या आवृत्तीत आहे.

१९४४ ची तिसरी आवृत्ती काढताना जुना जातिविषयक निबंध यात मिसळून नव्याने लिहिण्याची त्यांची इच्छा होती, वेळेअभावी ते झाले नाही, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या पहिल्या खंडात हे दोन्ही निबंध आहेत. ते एकत्र छापले गेले आणि त्यामुळे एका विद्यार्थ्याच्या चर्चासत्रातील निबंधाचे आयुष्य किती लांब असू शकते, हे आपल्याला कळले.

याच्याही आधीचे एक उदाहरण आहे. १८८५ मध्ये पुण्यातील मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या सभांतून आणि पुस्तकांतून आमच्या हक्कांचा मेळ बसत नाही, त्यांच्यात आम्ही मिसळणार नाही, असा त्यांचा आशय होता. सभा विसरली गेली. नकाराचे पत्र ‘ज्ञानोदय’ने छापले म्हणून राहिले. आपल्या परंपरेत न गेलेल्या सभेचीही लेखी नोंद आहे. आज प्रत्येक निमंत्रण स्वीकारणाऱ्या आपल्या पिढीने याचा विचार करावा.

५

काटछाट आज लाहोरच्या पद्धतीने होत नाही. आज कोणी वेदांचा भाग गाळा असे पत्र पाठवीत नाही. ती ‘भाषिक संस्कार’ आणि ‘संदर्भपद्धती’ यांच्या नावाने होते, आणि अनेकदा करणाऱ्यालाही तिची जाणीव नसते.

एक अनुभव सांगतो. गावकीच्या कामांवरील माझ्या एका निबंधात येसकरपाळीचे वर्णन होते. त्यात ‘मेलेलं ढोर ओढणे’ आणि ‘भाकरी मागणे’ असे शब्द होते. छापून आलेल्या निबंधात ‘मृत जनावरांची विल्हेवाट लावणे’ आणि ‘अन्न गोळा करणे’ असे शब्द दिसले. मुद्रिते मला दाखविण्यात आली नव्हती. वरवर पाहता शब्द प्रमाण झाले. पण ‘भाकरी मागणे’ ही येसकराची एकाच वेळी हक्काची आणि अपमानाची गोष्ट होती. काम केले म्हणून तिच्यावर हक्क, आणि दारोदार ओरडून मागावी लागे म्हणून अपमान. ‘अन्न गोळा करणे’ यात हक्कही नाही, अपमानही नाही. निबंधाचे प्रतिपादन ज्या शब्दावर उभे होते तो शब्दच काढून टाकला गेला. तसेच, ज्या वृद्ध बाईने हे सांगितले होते तिचे नाव व गाव मी तिच्या संमतीने दिले होते. तेथे ‘एका ज्येष्ठ महिलेच्या मते’ असे आले. संदर्भसूचीच्या नमुन्यात लेखक, वर्ष, प्रकाशक, प्रकाशनस्थळ अशा चार जागा होत्या. तिच्याकडे या चारांपैकी काहीच नव्हते, म्हणून ती सूचीत बसली नाही. तीच माहिती दुसऱ्याकडून ऐकून लिहिणाऱ्या इंग्रजी पुस्तकाचे नाव मात्र सूचीत शिल्लक राहिले.

हे अपरिहार्य आहे काय? मुळीच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे. जे ओवीला शक्य झाले ते शोधनिबंधातील साक्षीला का शक्य होऊ नये? सांगणाऱ्याचे नाव, गाव, अंदाजे वय, कोणी ऐकले, कोणत्या तारखेला ऐकले आणि नोंद कोणाकडे आहे, एवढे लिहिले की तो पूर्ण संदर्भ होतो. नाव द्यावयाचे नसेल तर ते सांगणाऱ्याने ठरवावे; संपादकाने नव्हे.

या गोष्टीला आता घाई आहे. मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द झाली. त्या वेळी जी मुले बापाबरोबर पाळीला जात होती ती आज ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. पुढील काही वर्षांत ही साक्ष देणारे कोणी उरणार नाही. त्यांचे सांगणे ज्या निबंधांत आले आणि संपादनात गेले, ते परत मिळविण्याचा मार्ग राहणार नाही.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीचेही असेच. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे वाढत्या क्रमाने कारवाई, अशी व्यवस्था केली. नियम चांगला आहे. उचलेगिरीने आपलेच नुकसान होते. पण टक्का मोजणारे यंत्र वाक्यांतील साम्य पाहते. कल्पना कोणाची, श्रम कोणाचे, हे त्याला कळत नाही. वस्तीतल्या बाईने सांगितलेली गोष्ट तिचे नाव न देता स्वतःच्या शब्दांत लिहिली तर यंत्राच्या लेखी साम्य शून्य. माझ्या मते उचलेगिरीचा हा सर्वांत जुना प्रकार आहे आणि त्याला कोणताही टक्का लागू होत नाही.

आणखी एक गोष्ट तांत्रिक वाटेल, पण ती तशी नाही. अनेक संग्रह अजूनही युनिकोड नसलेल्या जुन्या टंकांत छापले जातात. कागदावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या आत ती अक्षरे देवनागरी म्हणून नोंदलेली नसतात. त्यामुळे पुढे कोणी ‘येसकर’ हा शब्द शोधला तर तो निबंध सापडत नाही. प्रती शंभर-दोनशे, त्या लेखकांच्या कपाटांत. म्हणजे छापूनही न छापल्यासारखेच.

६

तेव्हा काय करावे? चर्चासत्रांवर बहिष्कार हा उपाय नाही. व्यासपीठ मिळविण्यासाठी आपल्या आधीच्या पिढ्यांनी पुष्कळ सोसले आहे; ते सोडून देणे हा त्यांचा मान नव्हे. पण ज्या महाविद्यालयांत आपले लोक प्राचार्य, विभागप्रमुख, समन्वयक आहेत, ज्या संस्था बाबासाहेबांचे नाव घेऊन चालतात, त्यांनी तरी पुढील गोष्टी आपल्यापासून सुरू कराव्यात.

निबंधसंग्रहाचे प्रकाशन उद्घाटनाला करू नये. आधी कच्चा निबंध मागवावा, तो सर्वांना वाचायला द्यावा आणि चर्चासत्रानंतर किमान तीन-चार महिने लेखकाला फेरलेखनासाठी द्यावेत. निबंध कमी स्वीकारावेत आणि प्रत्येकाला अर्धा तास द्यावा. प्रत्येक सत्रात दोन विद्यार्थी टिपणीसाठी बसवावेत. प्रश्न आणि उत्तरे निबंधाच्या शेवटी छापावीत. लेखकाला एखादा आक्षेप मान्य नसेल तर तो का मान्य नाही, हेही छापावे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी यांच्याकडून छपाईचे पैसे घेऊ नयेत. मुद्रिते लेखकाला दाखविल्याशिवाय एकही शब्द बदलू नये. मौखिक साक्षीची नोंद संदर्भसूचीत घ्यावी. मजकूर युनिकोडमध्ये असावा, आणि ज्या गावांतून माहिती आणली त्या गावांच्या वाचनालयांना संग्रहाची प्रत पाठवावी.

यांपैकी एकाही गोष्टीला आयोगाच्या परवानगीची गरज नाही.

आणि जे तरुण मित्र आज रात्री निबंध पूर्ण करून उद्या पाठविणार आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. चार व्याख्या कमी करा. ज्या एका गोष्टीविषयी तुम्हाला इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे ती पहिल्या पानावर आणा. जे तुमच्या आजीने सांगितले त्यापुढे तिचे नाव लिहा. कोणी पुराव्याने चूक दाखविली तर आनंदाने बदला, आणि पुराव्याशिवाय बदला म्हणाला तर कारण लेखी मागा. निबंध छापून आल्यावर त्याची एक प्रत घेऊन वस्तीत जा आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना वाचून दाखवा. ते जे आक्षेप घेतील ते पुढच्या निबंधात येऊ द्या. त्या सभेला घंटा वाजवणारा अध्यक्ष नसतो, आणि तेथे दिलेली उत्तरे टाळता येत नाहीत.